शिरिंजेच्या आजींची बशी

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून लेकीने आम्हा दोघांची तुर्कस्तानची तिकिटं काढली. मी तुळजापूर सुचवलं होतं. डोंबिवलीहून निघताना बायकोने, माधुरीने, अर्धी बॅग फराळाने भरली.

परतीचं विमान रात्रीचं होतं, म्हणून शेवटच्या दिवशी सकाळीच शिरिंजे हे डोंगरातलं गाव गाठलं. खालच्या सेल्चुक शहरातून छोटी बस डोंगर चढते. भाडं पुढच्या माणसाकडे द्यायचं, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत जातं. वर पांढरी घरं, दगडी गल्ल्या (बूट घालूनच जा) आणि दारोदारी फळांची वाइन चाखायला बोलावणारे दुकानदार. मी हात जोडून नको म्हणायचो. एकाने उलट हात जोडले आणि मग ग्लास पुढे केला.

दुपारी एका आजींच्या अंगणात गोझलेमे खाल्लं. पालक भरलेली पातळ पोळीच ती. मांस नको हे आधी सांगा. निघताना आजींनी बशीभर अंजिरं दिली, वर पैसे घेईनात.

अंजिरं पिशवीत ओतून माधुरीने बशीत चकल्या ठेवल्या.

"अगं, बस सुटेल. विमान गाठायला हीच शेवटची आहे."

"दुसऱ्याचं भांडं रिकामं देतात का?"

आजींनी चकल्या काढून घेतल्या, बशी पाहिली आणि तीत ऑलिव्ह भरले. त्यांच्याकडेही हीच रीत असावी. माधुरीने शंकरपाळे घातले. आजींनी अक्रोड. मला डोळ्यांपुढे सुटणारं विमान दिसत होतं, या दोघींना बशी.

"अहो, आता फक्त चहाचा मसाला उरलाय."

"दे आणि चल."

मसाल्याची पुडी बशीत ठेवून आम्ही पळालो. बस हलतच होती. खिडकीशी बसतोय तोच आजी धापा टाकत आल्या आणि आख्खी बशी आत सारली, वर गरम गोझलेमे. बसमधले लोक हसायला लागले. बशी परत द्यायला ड्रायव्हर थांबेना.

विमान मिळालं. गोझलेमे विमानतळावर संपलं.

घरी आल्यावर बशी धुऊन पुसून मी देव्हाऱ्यात ठेवली, पूजेची फुलं ठेवायला. निळी नक्षी आहे, देवांना शोभते. माधुरीने लगेच उचलली.

"दुसऱ्याची वस्तू देवापुढे नको. परत द्यायचीय ती."

"तुर्कस्तानला?"

ती बशी कपाटात ठेवत होती. म्हणाली, "बेसनाचे लाडू तिथपर्यंत टिकतील ना हो?"