हुबळीला न्या

माणसाचा चेहरा सोडून आधी गळा बघणारे सद्गृहस्थ साऱ्या हुबळी-धारवाडात एकच आहेत, आणि ते माझ्या बायकोचे मामा आहेत. उभं आयुष्य त्यांनी ऑपरेशन थिएटरात भूल देण्यात घालवलं. त्यामुळे समोरचा माणूस वकील आहे की किराणा दुकानदार, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नाही. वेळ आलीच तर याच्या घशातून श्वासाची नळी सहज जाईल ना, एवढंच ते बघतात. माझं लग्न ठरवायला मंडळी आमच्या घरी आली तेव्हा बाकीच्यांनी शिक्षण, गोत्र, दवाखाना वगैरे चौकशी केली. मामांनी मला खिडकीपाशी उजेडात बोलावलं, तोंड उघडायला लावलं, मान मागे करायला लावली आणि पोह्यांची बशी उचलत निकाल दिला, "मुलगा उत्तम आहे. काही त्रास द्यायचा नाही." माझ्या आईला तो माझ्या स्वभावाचा दाखला वाटला. ती अजून तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते.

निवृत्त झाल्यावर माणसं बागेत गुलाब लावतात, नाहीतर बेंगळूरला मुलाकडे जाऊन नातवंडांना शाळेत पोचवतात. मामांनी विद्यानगरातल्या आपल्या घरी रबराचा एक माणूस आणून ठेवला. डोकं आणि छाती एवढाच, हातपाय नाहीत. त्याचं नाव अण्णाप्पा. जीव जायची वेळ आलेल्या माणसाला पहिल्या काही मिनिटांत कसं सांभाळायचं, ते आसपासच्या गावांतल्या आम्हा फॅमिली डॉक्टरांना शिकवायचंच, असा त्यांनी चंग बांधला. त्यासाठी दर रविवारी सकाळी ते अण्णाप्पाला स्कूटरवर मागे ठेवून, जुन्या धोतराने आपल्या कमरेला बांधून, उणकलच्या तळ्यावरून धारवाडला नेत. एकदा चौकात पोलिसाने अडवलं आणि "यार्री इवरु?" म्हणजे हे कोण, असं विचारलं. मामा म्हणाले, "पेशंट आहे. दर आठवड्याला तब्येत बिघडते." पोलिसाने वाकून नीट पाहिलं आणि पेशंटच्या डोक्यावर हेल्मेट का नाही, एवढाच आक्षेप घेतला. मामांना तो अगदी पटला. पुढच्या रविवारपासून अण्णाप्पा हेल्मेट घालून हिंडू लागला.

वर्ग भरायचा तो सुभाष रोडच्या मागे, एका शाळेच्या हॉलमध्ये. एका मोठ्या हॉस्पिटलने आपला थंडगार हॉल देऊ केला होता, तो मामांनी नाकारला. "तिथं भिंतीतून ऑक्सिजन येतो. तुमच्या दवाखान्यात भिंतीतून काय येतं? मुंग्या." शिकवता शिकवता ते मध्येच दिवे घालवत, औषधाचा ट्रे लपवून ठेवत. रुग्णाची नातेवाईक म्हणून आपल्या धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या सासूबाईंना, घेऊन येत. सासूबाईंचं काम एकच: डॉक्टरला काही सुचू द्यायचं नाही. "अय्यो देवरे, कायतरी करा की ओ डॉक्टर, एक इंजेक्शन तरी द्या की," असा टाहो फोडत त्या डॉक्टरच्या दंडाला लटकत. एका रविवारी त्या इतक्या रंगात आल्या की शेजारच्या पिठाच्या गिरणीतली चार माणसं सांत्वनाला आली. त्यांची समजूत घालता घालता आमची पुरेवाट झाली.

माझा दवाखाना कलघटगीच्या रस्त्यावरच्या एका खेड्यात आहे. तिथं वीस वर्षं काढलेला डॉक्टर म्हणून पहिल्याच रविवारी मामांनी मला पुढे काढलं. "जावईबापू, अण्णाप्पा तुमच्या बाकावरून खाली कोसळलाय. चला." मी आधी हात धुतले. मग ब्लडप्रेशरचा पट्टा शोधू लागलो, कारण तो बांधल्याशिवाय डॉक्टरनं तपासलं असं आमच्याकडे कुणी मानत नाही. अण्णाप्पाला दंडच नव्हता, तेव्हा पट्टा ठेवून दिला, पॅड काढलं, चिठ्ठी लिहिली आणि सासूबाईंच्या हातात देत गंभीरपणे म्हणालो, "हुबळीला न्या."

मामांनी चष्मा लावला आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली. "आदरणीय सर, सप्रेम नमस्कार. रुग्णास आपल्याकडे पाठवीत आहे. योग्य ते उपचार व्हावेत, ही नम्र विनंती." मग तिची व्यवस्थित घडी घालत म्हणाले, "अक्षर सुरेख आहे. भाषा शालीन आहे. अण्णाप्पा गेला."

सगळा हॉल हसला. त्यांच्यातल्या प्रत्येकाने हेच केलं असतं. आम्ही वर्षानुवर्षं हेच करत आलो होतो. मला मात्र हसू आलं नाही. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावचे एक मास्तर छातीत दुखतंय म्हणून आले आणि माझ्यासमोर बाकावर कलंडले. मी अशीच चिठ्ठी लिहिली होती, अशाच अक्षरात. गाडी अर्ध्या वाटेवरून परत आली. त्यांच्या मुलाने, तुम्ही लगेच चिठ्ठी दिलीत म्हणून, माझे हात हातात धरले होते. ते मी तोवर बायकोलाही बोललो नव्हतो. त्या रविवारी अण्णाप्पाला स्कूटरवर चढवताना मामांना सांगून टाकलं. मामांनी माझं सांत्वन वगैरे काही केलं नाही. धोतराची गाठ मारत ते म्हणाले, "पुढच्या रविवारी लवकर या."

त्यानंतर दर रविवारी पहिला नंबर माझा. गुडघे टेकून छाती दाबायची, ती तालात आणि जोरात. मोजायचं ते दहापर्यंतच, तीनदा. एकोणीस, एकोणतीस म्हणत बसलं की हात मागे पडतो. सर्वांत अवघड गेलं ते हुकूम सोडणं. आम्ही गावातले डॉक्टर भिडस्त माणसं. पेशंटच्या भावाला साधी खुर्ची सरकवायला सांगायची तरी आधी त्याच्या म्हशीची चौकशी करणार. मामा ओरडत, "विनंती चिठ्ठीत करा. इथं बोट दाखवून काम सांगा." हृदयाला शॉक देणारं ते लहानसं यंत्रही त्यांनी मला घ्यायला लावलं. माझी नर्स शांतक्का रोज त्याच्यावरची धूळ पुसायची आणि हे नेमकं कशाला आणलंय, म्हणून माझ्याकडे बघायची.

मग एका बाजाराच्या दिवशी दुपारी, देवळासमोर फुलं विकणारी गौरव्वा भावाला घेऊन आली, बाकावर बसली आणि खाली कोसळली. श्वास बंद, नाडी नाही. खरं सांगतो, माझा हात पहिल्यांदा चिठ्ठीच्या पॅडकडेच गेला. पण गुडघे तोवर जमिनीला टेकले होते. "शांतक्का, मशीन. लाल शर्टवाले, तुम्ही ॲम्ब्युलन्सला फोन लावा. बाकीचे बाहेर." हा आवाज माझा आहे, हे मलाच पटेना. गौरव्वाचा भाऊ दंडाला धरून रडत होता, पण सासूबाईंनंतर त्याचं काही वाटलं नाही. पहिल्या शॉकने काही झालं नाही. दुसऱ्यानंतर पुन्हा दाबायला लागलो, आणि थोड्या वेळाने तिने हात हलवून माझे हात दूर ढकलायचा प्रयत्न केला. ॲम्ब्युलन्समध्ये चढवताना ती पुटपुटत होती. शांतक्काने कान लावला, तर म्हणे फुलांवर पाणी मारा. मी दाराआड जाऊन रडलो.

संध्याकाळी मामांना फोन केला. त्यांनी मिनिटामिनिटाचा हिशेब घेतला. "श्वास देताना मान मागे केली होती?" मी म्हणालो, आठवत नाही. "म्हणजे केली नव्हती." अशा चार चुका त्यांनी काढल्या. मग त्यांनी विचारलं, "त्या मास्तरांचं नाव काय होतं?" मी नाव सांगितलं. त्यांनी ते एकदा हळूच उच्चारलं आणि फोन ठेवला.

गौरव्वा आता पुन्हा देवळासमोर बसते, आणि वर्गाला आता हॉल अपुरा पडतो. मामा मात्र या वर्षी थकलेत. स्कूटर सुटली, त्यांना आणि अण्णाप्पाला मी गाडीतून नेतो. मामी गेल्यापासून ते घरात एकटेच असतात. मुलाकडे जायला तयार नाहीत. जिना चढताना मध्येच थांबतात आणि भिंतीचा गिलावा तपासल्यासारखं करतात. मी डॉक्टर आहे, मला कळतं. त्यांनाही कळतं, हृदयाची तपासणी झाली आहे, गोळ्या चालू आहेत, पण त्याबद्दल बोलायचं नाही असा नियम आहे. मी तिकडे खेड्यात असणार, मुलगा बेंगळूरला. मामांच्या गल्लीत एकच फॅमिली डॉक्टर आहेत, दोन घरं सोडून. ते वर्गाला कधी आले नाहीत. मामांनी बोलावलं की "बघू की" म्हणून हसत, आणि शेवटी मामांनी त्यांचा नाद सोडला होता. मी मामांना न सांगता त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात गेलो, पेशंटांच्या रांगेत बसलो आणि माझा नंबर आल्यावर बोललो.

गेल्या रविवारी ते आले. उशिरा आले म्हणून मामांनी त्यांना सगळ्यांदेखत झापलं आणि सरळ गुडघ्यांवर बसवलं. "अहो, पोळी लाटताय का? जोर लावा की." डॉक्टर घामाघूम झाले, पण थांबले नाहीत. मामा खुर्चीतून पुढे झुकून मोजत होते, आणखी एक शिष्य मिळाला म्हणून खूश होते. आपण कुणासाठी शिकतोय, हे त्या डॉक्टरांना ठाऊक होतं. मामांना मी ते अजून सांगितलेलं नाही.