स्टेशनासमोरच्या भिंतीवरची ज्वारी

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. नगरपालिकेने रेल्वे स्टेशनासमोरची लांब भिंत गावाच्या इतिहासाने रंगवायचं काम माझ्या नवऱ्याला दिलं. हे एरवी दुकानांच्या पाट्या रंगवत. मी रंग कालवून द्यायची. कापसाने भरलेल्या बैलबंड्या काढून झाल्या, पहिली आगगाडी झाली. मग यांनी जुना दुष्काळ काढायला घेतला. उपाशी लोक मालगाडीचा डबा फोडून ज्वारी काढताहेत, आणि सगळ्यांच्या पुढे पहार घेतलेला, कपाळावर व्रण असलेला एक माणूस. म्हाताऱ्या लोकांच्या तोंडून ऐकलं होतं, तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातला एक मोठा शेतकरी चार माणसं घेऊन आला. हे शिडीवर, मी खाली शिडी धरून.

“पेंटर, तो कपाळावरचा व्रण माह्या आज्याचा हाय. त्याले चोर दाखवून राह्यला काय?”

“चोर नाही काढला, भाऊ.”

“पुसून टाक.”

हे रंगवतच राहिले. त्याने शिडीला हात घातला. शिडी हलली, रंगाचा डबा खाली आला. मी शिडी आवळून धरली. बुलढाण्याच्या एसटीची वाट पाहणारे लोक जवळ आले, पण मध्ये कोणी पडलं नाही.

भिंतीच्या कडेला एक म्हातारी वांगी विकायला बसायची. ती उठून आली.

“बाबू, तुहाच आजा हाय तो. मी लहान होती. त्यानं डबा फोडला म्हणून आमच्या घरी भाकर झाली.”

“माहा आजा त्या साली काशीले गेला होता. घरी सर्व्यायले माहीत हाय.”

“काशीले नाही गा. जेलात होता. तुह्या आजीनं लाजंपायी काशी सांगतली.”

त्याचा हात अजून शिडीवरच होता.

“हे लोकायसमोर काऊन सांगतं?” त्याने हळू विचारलं.

“तूनं लोकायसमोर इचारलं.”

त्याने हात काढला. सोबतची माणसं एकेक करून निघून गेली. तो मात्र समोरच्या छोट्या पुलाच्या कठड्यावर भिंतीकडे बघत बसून राहिला. त्याच्यादेखत यांचा ब्रश चालेना. दुपारी तो उठून म्हातारीजवळ गेला.

“सुटून आला तवा कसा होता?”

“वाळून गेला होता. कोणाशी बोले नाही.”

तो घरी गेला. पुसायचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. यांनी चित्र पुरं केलं, आणि रस्ता रुंद करायला भिंत पाडेपर्यंत ते तिथे होतं.