वारा कमी असलेली जागा

नव्वदच्या दशकाच्या मध्याला बडोद्यात पवनचक्की घ्यायला निघालेल्यांपैकी वाऱ्याबद्दल विचारणारा माणूस मला एकच भेटला. त्याला पवनचक्की मिळाली नाही.

मी तेव्हा एका दैनिकाच्या बडोदे कचेरीत उद्योग-व्यापाराचे पान पाहत असे. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान एका रसायन कारखान्याच्या देखभाल विभागात इंजिनियर होते. कारखान्याने स्वेच्छानिवृत्तीची योजना आणली, तेव्हा भावोजींनी पहिल्याच दिवशी अर्ज दिला. त्यांच्या घराण्यातले आधीचे पुरुष संस्थानच्या पागेत आणि पलटणीत नोकरीला होते. हुकूम आला की निघायचे, एवढेच त्यांना माहीत. भावोजींना स्वतःचे काही उभे करायचे होते. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरच्या एका टेकाडावर त्यांनी वारा मोजण्याचे यंत्र बसवले आणि वर्षभर दर महिन्याला एस.टी.ने जाऊन आकडे उतरवून आणले. जागा उत्तम निघाली. सरकारी परवानगीही मिळाली. अट अशी, की येत्या सप्टेंबरअखेर पवनचक्की उभी राहून चालू झाली पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. पवनचक्की विकत घेणारा माणूस शोधायचा, ती उभारून द्यायची आणि पुढे निवृत्तीच्या वयापर्यंत तिची देखभाल आपण करायची, असा त्यांचा बेत होता. त्यासाठी हवी होती फक्त एक पार्टी.

गुंतवणूकदाराला बाजारात पार्टी म्हणत. भावोजींबरोबर मी जात असे, कारण इंजिनियरला तासभर बाकावर बसवणारी पार्टी वर्तमानपत्राचे कार्ड पाहिले की लगेच चहा मागवी.

पवनचक्कीला त्या वर्षांत एक सवलत होती. सप्टेंबर संपायच्या आत ती चालू झाली, की तिची सगळी किंमत त्याच वर्षीच्या नफ्यातून घसारा म्हणून वजा करता येई. तेवढ्या नफ्यावरचा कर वाचे. ज्याला कर वाचवायचा होता त्याला यंत्र उभे राहणे पुरेसे होते. त्यानंतर ते फिरते की नाही, ही त्याच्या हौसेची गोष्ट.

शहरातच अकोट्याला नव्या बंगल्यात राहणाऱ्या एका रंगांच्या व्यापाऱ्याने आम्हाला गच्चीवर नेले. त्याला दोनच गोष्टी जाणून घ्यायच्या होत्या.

"पाती आपल्या कंपनीच्या रंगात मिळतील?"

"मिळतील," भावोजी म्हणाले.

"हायवेवरून दिसेल?"

"हायवे तिथून बराच लांब आहे."

"तो पछी शुं काम?" मग उपयोग काय, असे म्हणून त्याने आम्हाला बंगल्यातला संगमरवर दाखवला.

वाऱ्याबद्दल विचारणारा भेटला तो मकरपुऱ्याचा फाउंड्रीवाला. आठवड्यातून दोनदा वीज मंडळाची कपात असे आणि भट्टीतला माल फुकट जाई, म्हणून त्याला वीज हवी होती. किनाऱ्यावर तयार झालेली वीज मंडळाच्या तारांत सोडायची आणि तेवढीच इथे कारखान्यात कपातीच्या वेळीही वापरायची, अशी सोय तेव्हा होती. त्याने भावोजींचे आकडे महिन्यामागून महिना वाचले.

"पावसाळा सरला की वारा पडतो. तेव्हा काय?"

"तेव्हा कमी मिळेल. मे ते ऑगस्ट भरून निघतं."

"आणि वर चढून गिअरबॉक्सचं तेल कोण बदलणार?"

"मी."

"या पोटासकट?"

"पोट खालीच ठेवून जाईन," भावोजी म्हणाले. एवढ्या महिन्यांत ते पहिल्यांदा हसले होते.

फाउंड्रीवाला स्वतःच्या गाडीने जागा पाहून आला. टेकाडावर वाऱ्याने उभे राहवेना, म्हणून बसून जेवलो, असे त्याने सांगितले आणि घेतो म्हणाला. मग कर्ज देणाऱ्या कंपनीच्या अधिकाऱ्याकडे फाइल गेली. बाहेरचा स्वस्त माल आल्यापासून फाउंड्रीला नफा नव्हता. नफा नाही म्हणून कर नाही. अधिकारी खरोखर गोंधळला.

"यांना कर लागत नाही. मग पवनचक्की कशाला?"

"वीज हवी आहे त्यांना," भावोजी म्हणाले.

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिले. दोघांपैकी शहाणा मी असेन, असे त्याला वाटले असावे. फाइल 'पार्टी योग्य नाही' असा शेरा घेऊन परत आली. फाउंड्रीवाल्याने डिझेलचा जनरेटर घेतला.

एप्रिल उजाडला होता. "आता राहिलं कोण?" बहीण म्हणाली. "मांडवीतला साडीवाला?"

तिने टोमणा मारला होता. भावोजींनी त्याच संध्याकाळी साडीवाल्याला फोन केला.

मांडवीत, शहराच्या जुन्या बाजारपेठेत, दुकानाच्या माडीवर पांढऱ्या गादीवर घाऊक साड्यांचा व्यापारी बसला होता. शेजारी त्याचे सी.ए. होते. फाइल उघडली ती त्यांनी. वाऱ्याच्या तक्त्यापाशी ते थांबले.

"साहेब, हे जरा जास्त आहे."

"मोजलेलं आहे. एकही आकडा फुगवलेला नाही," भावोजी म्हणाले.

"तसं नाही हो. वारा जास्त म्हणजे वीज जास्त. वीज जास्त म्हणजे उत्पन्न. म्हणजे पुन्हा कर. वारा कमी असलेली जागा नाही का तुमच्याकडे?"

भावोजी मोठ्याने हसले. ते एकटेच हसत आहेत हे त्यांच्या उशिरा लक्षात आले.

"चिंता ना करो, इंजिनियरसाहेब," व्यापारी समजूत घालत म्हणाला. "वारा असला तरी चालवून घेऊ. मशीनला ब्रेक तर असेल ना?"

"असतो."

"बस."

जिना उतरताना मी भावोजींना म्हटले, की याला देऊ नका.

"नाही दिली तर सप्टेंबरात जागा जाते. दिली तर यंत्र उभं राहतं. एकदा उभं राहू दे. फिरू शकणारी वस्तू कोण बंद ठेवेल?"

ही चूक देखभाल विभागात आयुष्य काढलेला माणूसच करू शकतो. कारखान्यात बंद मशीन पाहून सगळे धावत येताना त्यांनी पाहिले होते. मशीन बंद पडून मालकाचा फायदा होतो, हे त्यांनी कधी पाहिले नव्हते.

पवनचक्की उभी राहिली ती सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. तोवर वारा पडला होता आणि वीज मंडळाची लाइन अजून तीन खांब अलीकडे होती. मांडव, गुरुजी, व्यापाऱ्याचे कुटुंब, आणि कॅमेरा घेऊन सी.ए. असा सगळा सरंजाम होता. मागच्या बाजूला एका ट्रकवर डिझेलचा जनरेटर होता. वाऱ्यावर वीज करणारे हे यंत्र बाहेरून वीज दिली तर पंख्यासारखे फिरते. ही जोडणी तिथे एकट्या भावोजींना येत होती. त्यांनी बाह्या सारून ती केली. नारळ फुटला, जनरेटर धडधडला आणि पाती हळूहळू फिरू लागली. मांडवाच्या पताका सरळ खाली लोंबत होत्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोटो निघाले, 'चालू झाली' या कागदावर सह्या झाल्या आणि डिझेल वाचवण्यासाठी जनरेटर लगेच बंद करण्यात आला.

दुसऱ्या दिवशी माझ्या पानावर दोन कॉलमी बातमी होती. 'किनाऱ्यावर स्वच्छ ऊर्जेचे पाऊल' हा मथळा माझाच. तीत डिझेलचा उल्लेख नव्हता.

देखभालीच्या करारावर व्यापाऱ्याने सही केली नाही. बंद ठेवायच्या यंत्राची देखभाल कसली, असे सी.ए.नी विचारले. लाइन पुढे जोडली गेली तरी ब्रेक निघाला नाही. जूनमध्ये, वारा ऐन भरात असताना, भावोजी एस.टी.ने तिथे गेले. चौकीदार एका हाताने फेटा धरून बोलत होता. पाती जागची हलत नव्हती. पवनचक्कीच्या दाराला कुलूप होते आणि किल्ली बडोद्याला, असे त्याने सांगितले. भावोजींनी गावातल्या एस.टी.डी. बूथवरून सी.ए.ना फोन लावला.

"पार्टी खूश, सरकार खूश," सी.ए. म्हणाले. "पेपरात छापूनही आलं. एकट्या तुम्हालाच काय झालंय?"

बूथच्या मीटरवर तीन मिनिटे झाली तसा भावोजींनी फोन ठेवला.

तो महिना संपायच्या आत निजामपुऱ्यातल्या त्यांच्या घरी तीन पार्ट्या आपण होऊन आल्या. सप्टेंबरच्या आत उभी करून देणारा माणूस, अशी त्यांची मांडवीत ख्याती झाली होती. तिसरी पार्टी गेल्यावर बहिणीने कप उचलता उचलता विचारले, "यांतलं कुणी चालवणार आहे का ती?"

"विचारलं नाही," भावोजी म्हणाले, आणि तिघांचेही अर्ज भरायला बसले.