डावा दिला की उजवाही

बाबांच्या अँबॅसेडरचा डावा इंडिकेटर दिला की उजवाही लागायचा. उजवा दिला की डावाही. चारही कोपरे एकदम उघडझाप करत सुटायचे आणि मागच्या माणसाने काय समजायचं ते समजावं. बरं, गाडीत मुळात काही बिघडलेलं नव्हतं. निवृत्तीनंतर बाबांना स्वस्थ बसवेना, म्हणून त्यांनी त्या म्हातारीला आधी पॉवर स्टिअरिंग बसवलं, मग डिस्क ब्रेक, आणि शेवटी सगळे जुने बल्ब काढून चकचकीत एलईडी. त्या एलईडींपासून आमची साडेसाती सुरू झाली.

एरवी मी लक्षही दिलं नसतं. पण गाडीची नोंदणी संपत आली होती. ती वाढवायची तर तपासणीला न्यायला हवी होती, आणि इंडिकेटर असे वेड्यासारखे वागत राहिले तर गाडी भंगारातच जायची. बाबांनी एका वाक्यात निकाल लावून टाकला होता, "ही गेली की मी गाडी चालवणं सोडलं." दुसरी गाडी त्यांना नको होती आणि माझ्या शेजारी बसून फिरणं तर त्याहून नको. दिवसभर घरात बसलेले बाबा, या कल्पनेनेच मला धडकी भरायची. म्हणून कलकत्त्यातल्या सॉल्ट लेकच्या ऑफिसात आठवडाभर राबल्यावर रविवारी मी गाडीच्या मागे उकिडवी बसलेली असायचे.

बाबांची सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली, शेवटची वर्षं गार्डन रीचच्या मुख्यालयात. तिथली शिस्त इथेही लागू. ते आत बसून इंडिकेटर देणार, मी मागे उभी राहून दिवा बघणार. पण मागूनच "लागला" म्हणून ओरडलेलं त्यांना चालायचं नाही.

"तसं नाही. पुढे ये, काचेसमोर उभी राहा आणि सांग."

"बाबा, मागचा दिवा मला पुढून कसा दिसणार?"

"मागे बघ आणि पुढे येऊन सांग. हाताने दाखव, कुठला लागला ते."

रेल्वेत म्हणे निरोप घेणाऱ्याने तो परत म्हणून दाखवला तरच पोचला असं धरतात. इथे निरोप काय, तर बल्ब लागला! तेवढ्यासाठी कलकत्त्याच्या त्या चिकट उन्हात मी गाडीभोवती किती प्रदक्षिणा घातल्या देव जाणे. एखाद्या देवळात घातल्या असत्या तर काहीतरी पदरात तरी पडलं असतं. त्यात वर बाबांचं "काय म्हणालीस?" आहेच. मग मी खेकसायचे, आणि मी खेकसले की गल्लीतली मंडळी गोळा व्हायची. समोरच्या तळमजल्यावरचे गृहस्थ तर चहाचा कप हातात घेऊनच यायचे आणि बॉनेटवर बोटांनी ताल धरून सांगायचे, "आर्थिंग, दीदी. आर्थिंगटा देखून." त्यांच्या मागे उभे असलेलेही माना डोलवायचे. आर्थिंग.

आम्ही आर्थिंग बघितलं. चारही दिव्यांखालचा रंग खरवडला, नट आवळले, नव्या वायरी ओढल्या. मग स्विच बदलला. मग एलईडीला चालेल असा नवीन रिले आणून स्टिअरिंगखाली बसवला. तो घड्याळापेक्षा मोठ्याने टिकटिक करायचा, आणि त्याच्या तालावर चारही दिवे पूर्वीसारखेच एकजुटीने लुकलुकायचे. त्या दिवशी मी पाना फेकून दिला. तो गटारात गेला आणि मलाच शोधावा लागला.

शेवटी ते सापडलं ते माझ्या वैतागातून. काहीच सुचेना म्हणून मी डॅशबोर्ड पुसायला घेतला. तिथे इंडिकेटर चालू असल्याचं चालकाला दाखवणारा नखाएवढा हिरवा बल्ब असतो, तो होल्डरसकट ओढून काढला. तेवढ्यात बाबांनी डावा दिला. मी सवयीने मागे गेले, बघते तर फक्त डावा लुकलुकतोय.

कारण कळलं तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. आमच्या गाडीत दोन्ही बाजूंना मिळून तो एकच हिरवा बल्ब. त्याचं एक टोक डाव्या वायरीला, दुसरं उजव्या. त्यातून थोडा करंट पलीकडे झिरपायचा. जुन्या बल्बांना तेवढ्याने काही होत नव्हतं, पण एलईडी तेवढ्यावरही पेटत होते.

"झालं!" मी म्हटलं. "हा बल्बच नको आपल्याला. गाडी पास."

बाबांनी माझ्या हातातून बल्ब घेतला आणि होता तिथे परत बसवला. चारही कोपरे पुन्हा सुरू. मला रडूच यायचं बाकी होतं.

"केबिनमध्ये बसलेल्याला बाहेरचा सिग्नल लागलाय की नाही हे आत कळलंच पाहिजे," ते म्हणाले. "हा दिवा काढला तर मला कसं कळणार?"

"अहो, टिकटिक ऐकू येते ना!"

"कुठे?"

"कुठे काय, तुमच्या गुडघ्यापाशी!" मी रागारागाने खिडकीतून हात घालून इंडिकेटर बंद केला.

बाबा वाकले. स्टिअरिंगखाली कान नेऊन थोडा वेळ तसेच राहिले. मग म्हणाले, "हां, हां. वाजतोय की."

टिकटिक तर मी आत्ताच बंद केली होती. राग गेला नव्हता, पण आता तो कुणावर काढायचा ते कळेना. मला वाईट वाटलं आणि फार भीती वाटली.

त्यांनी डॅशबोर्डला आणखी एक भोक पाडून दोन हिरवे बल्ब बसवले, डाव्याचा वेगळा, उजव्याचा वेगळा. करंट झिरपायला वाटच उरली नाही. इंडिकेटर सुतासारखे सरळ झाले.

तपासणीला मी बरोबर गेले. निरीक्षक गाडीच्या मागे उभा राहिला आणि ओरडला, "लेफ्ट!" बाबा दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून, ताठ बसून, समोर बघत वाट पाहत होते. "लेफ्ट दीन, दादू!" तो पुन्हा ओरडला, आणि मग आणखी एकदा. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "उनी शुनते पाच्छेन ना?" यांना ऐकू येत नाही का, असं विचारत होता.

"शीशा बंद है," मी ठोकून दिलं. काच उघडी होती, बाबांचं कोपर बाहेर आलेलं त्यालाही दिसत होतं. मी धावत पुढे गेले, काचेसमोर उभी राहिले आणि डावा हात वर केला. बाबांनी डावा दिला. मग उजवा. गाडी पास झाली.

फाटकाबाहेर आल्यावर बाबांनी गाडी कडेला घेतली आणि माझ्याकडे वळले.

"किती वेळा ओरडला तो?"

मी तीन बोटं दाखवली. त्यांनी इंजिन बंद केलं, उतरले, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला आले आणि दार उघडलं.

"जा, तिकडे बस."

मी गाडी सुरू केली. पहिल्याच चौकात उजवा इंडिकेटर दिला. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लुकलुकायला लागला. बाबा त्याच्याकडे बघत होते.

"वाजतंय का गं?" त्यांनी विचारलं.

"वाजतंय, बाबा," मी म्हटलं, आणि मग त्यांच्याकडे तोंड करून पुन्हा एकदा, मोठ्याने.