वाकळेचं पोट

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. निजामाविरुद्धची ती पत्रकं वडील ज्वारीच्या पोत्यात लपवत. त्यामुळे ‘कमळ’, ‘बदक’ यांच्या आधी मला ‘धिक्कार’ वाचता आला. पुढं निजामी राजवट गेली, मी मानवतच्या शिवणवर्गात शिकवू लागले, तरी माझं बोलणं पत्रकासारखंच राहिलं.

वर्गातल्या बायका शिवत आणि मी त्यांना एक कादंबरी वाचून दाखवी. नायिकेचं घर जाळलं जातं, नवरा मारला जातो, आणि ती पानामागून पान सोसत राहते. दुःखाची वाक्यं मी दोनदा वाचून दाखवी. समोर एक मावशी बसत. निजामी राजवट गेली त्या गडबडीच्या साली त्यांचंही घर जळालं होतं. नवरा आणि थोरला लेक त्यात गेले. हातातला टाका न थांबवता त्या मध्येच विचारत, “बाई, तिनं आज खाल्लं का काई?”

“मावशी, तिचं दुःख बघा!”

“बघायले की. चार दिस झाले, लिवणाऱ्यानं तिला भाकर दिली न्हाई. त्यो मातर जेवून लिवायलाय!”

बायका हसल्या. मला लय राग आला.

मावशींच्या हातात वाकळ होती, जुन्या कपड्यांची गोधडी. नवऱ्याचा पटका, लेकाची कुडती, लुगड्यांचे करपलेले काठ. जळक्या घरातून निघालेलं सगळं तिच्यात होतं. करपलेलं त्यांनी कापून टाकलं नव्हतं. ते मधोमध लावून भोवती बारीक टाक्यांची वलयं टाकली होती, पाण्यावर उठतात तशी. परभणीच्या प्रदर्शनासाठी मी ती मागितली. आठवडाभरानं त्या म्हणाल्या, “ने. पर वाकळ दाखव, मला दाखवू नगस.”

मी ऐकते थोडीच! मोठ्या अक्षरांत कागदी फलक लिहिला: ‘कादंबरीतली अभागिनी आमच्यात जिवंत आहे!’

निघायच्या दिवशी सकाळी वर्गात वाकळेच्या एका कोपऱ्यात गाठीसारखं काही हाताला लागलं. आमच्या घरी विकतच्या चादरी. मला वाटलं, शिवणीतला दोष. मी कात्रीनं उसवलं. आतून भाकरीचा वाळका तुकडा निघाला. तो मी चिमण्यांना टाकला.

“पोट फाडलंस गं तिचं,” मावशी दारातून म्हणाल्या.

वाकळ पुरी करताना शेवटच्या कोपऱ्यात भाकर ठेवतात, उपाशी वाकळ ऊब देत नाही, हे तेव्हा मला वर्गातल्या एका बाईनं सांगितलं. मावशी वाकळेची घडी घालायला लागल्या. ती आता घरी जाणार, हे मला कळलं. मग त्यांनी फलकाकडं बोट केलं. “हे काय लिवलंस?”

मी वाचून दाखवलं. प्रत्येक शब्दाला आवाज बारीक होत गेला.

“ती बाई कुनीतरी लिवलेली हाय,” त्या म्हणाल्या. “ही वाकळ मी सोता केलीया.”

मी फलक फाडला. माझ्या आयुष्यात स्वतःचं लिहिलेलं मी पहिल्यांदाच फाडत होते.

त्या जाऊ शकत होत्या. गेल्या नाहीत, याबद्दल मी त्यांचे उपकार जन्मभर मानीन. त्यांनी घडी उलगडली. “डब्यात भाकर हाय का तुझ्या?”

मी तुकडा मोडून दिला. त्यांनी सुई माझ्याच हातात दिली. माझे टाके बघून म्हणाल्या, “मुंगी पिऊन चालल्यागत हाय. ऱ्हाऊ दे. पोचली तर खरं.”

मावशी प्रदर्शनाला सोबत आल्या. तिथं सगळीकडं ‘हात लावू नये’ लिहिलं होतं. आमच्या वाकळेवरची ती चिठ्ठी मावशींनी मला काढायला लावली. बायका येत, टाक्यांवरून बोटं फिरवत आणि पुढं जात. एक अनोळखी बाई मात्र करपलेल्या काठावर पंजा ठेवून उभी राहिली. हात काढीचना.

मावशींनी बाकावरचा पदर आवरला, सरकून जागा केली.

“बस,” त्या म्हणाल्या. “कोन्तं गाव तुझं?”