तीनदऱ्यांची एकट्याची सही

सरकारी खात्यातल्या त्या खरेदी अधिकाऱ्याचं खरं आडनाव पगारपत्रकाबाहेर कुणी वापरत नसे. सगळे त्यांना तीनदरे म्हणत. तीन ठिकाणचे दर हाती आल्याशिवाय हा माणूस टाचणीसुद्धा विकत घ्यायचा नाही. बरं, ही खोड कचेरीपुरती असती तर बायकोने देवाचे आभार मानले असते. घराला रंग द्यायचा ठरला तेव्हा त्यांनी तीन खोल्या तीन रंगाऱ्यांना वाटून दिल्या. का, तर एकावर विसंबलो आणि तो पळाला तर? पळालं कुणीच नाही. फक्त तिघांचा पांढरा तीन तऱ्हेचा निघाला, आणि पाहुणे अजूनही विचारतात, काम अर्धवट राहिलंय का म्हणून.

मुलीने आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा तीनदऱ्यांना पाहताक्षणीच आवडला. तरी जीभ गप्प बसेल तर शपथ. म्हणाले, "मुलगा उत्तमच आहे गं, पण तुलनेला आणखी दोन बघितले असतेस तर?" मुलीने आठवडाभर अबोला धरला.

पण नुसतं हसण्यात अर्थ नाही, कारण या माणसाला एकदा चांगलाच चटका बसला होता. जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणीचं संगणकाचं सगळं काम पूर्वी एकाच कंपनीकडे होतं. आपल्यावाचून यांचं पान हलत नाही हे कंपनीने हेरलं आणि फोन उचलणंच सोडून दिलं. शिव्या मात्र खाल्ल्या तीनदऱ्यांनी. मग त्यांनी चंग बांधला आणि चार कंपन्यांशी मिळून एक करार केला. यंत्रं एकीकडे, जोडणी दुसरीकडे, प्रोग्राम तिसरीकडे आणि नोंदी सांभाळणं चौथीकडे. आता कुणाची माजण्याची टाप नव्हती!

एकीची चूक दुसरीच्या अंगावर ढकलली जाऊ नये म्हणून त्यांनी एक अट घातली. यंत्रणा बंद पडली तर आधीच्या कंपनीने आपली बाजू ठीक असल्याचा दाखला दिल्याशिवाय पुढचीने हात लावायचा नाही. यंत्रवाले कुरकुरले, "म्हणजे आम्हाला कुणाचाच दाखला नाही? सगळं खापर आमच्यावर?" तीनदरे पडले न्यायी. त्यांनी यंत्रवाल्यांना नोंदीवाल्यांचा दाखला लागेल अशी ओळ घातली. चारही कंपन्या खूश झाल्या. करार तपासायला चार शाखांकडे गेला, आणि प्रत्येक शाखेने आपल्यापुरता भाग वाचून मान डोलावली.

मुलीच्या लग्नाच्या दिवशी सकाळी सगळे नोंदणी कचेरीत पोचले, आणि तिथली वीज गेली आणि लगेच आली. यंत्रणा मात्र बंद पडली ती पडलीच. दुपारपर्यंत बाकड्यांवर बसायला जागा उरली नाही. जावयाला दुसऱ्या दिवशी परदेशातल्या नव्या नोकरीवर निघायचं होतं. संध्याकाळच्या आत विवाहाचा दाखला मिळाला तरच बायकोला सोबत नेता येणार होतं, नाहीतर वर्षभर ती इकडे आणि तो तिकडे. मुलीचा चेहरा बघून तीनदरे उठून खिडकीपाशी गेले.

चारही कंपन्यांची माणसं हजर होती. कामचुकार एकही नव्हता, हेच तर दुखणं होतं.

"मग घोडं अडलंय कुठे?" तीनदऱ्यांनी विचारलं.

"सर, आम्ही तयार आहोत," यंत्रवाला म्हणाला. "नोंदीवाल्यांचा दाखला आला की झालंच."

"आम्हाला प्रोग्रामवाल्यांचा हवा," नोंदीवाली म्हणाली.

"आम्हाला जोडणीवाल्यांचा."

"आणि आम्हाला यंत्रवाल्यांचा," जोडणीवाल्याने हात जोडले.

"अहो, हे गोल गोल फिरताहेत," बायको हळूच म्हणाली.

जावई बिचारा साधा. म्हणाला, "असला करार केला तरी कुठल्या महाभागाने?"

सासूबाई छताकडे बघू लागल्या.

नोंदणी अधिकारी बाईंनी चष्मा पुसला. "एक वाट आहे. करार सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने आपल्या जबाबदारीवर लेखी हुकूम दिला, तर दाखल्यांशिवाय सुरू करता येतं. नोंदी बिघडल्या तर जाब त्याने द्यायचा. करारातली ही सोय तुमचीच आहे, साहेब."

सोय त्यांचीच होती. असली सही करणारा मूर्ख जन्माला यायचाय, अशा खात्रीने त्यांनी ती घातली होती. आता त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एवढ्या नोकरीत त्यांच्या एकट्याची सही कुठल्याही कागदावर नव्हती. वर कुणाची तरी असायची, नाहीतर खाली.

"मोठ्या साहेबांना विचारतो," ते म्हणाले. "शिवाय कायदा शाखेला. आणि हिशेब शाखेलाही कळवलेलं बरं."

"बाबा, इथेही तिघं?" मुलीचा आवाज चिरकला. "मला त्यांचं मत नकोय. मी जावं असं तुम्हाला वाटतं का, तेवढं सांगा."

तीनदऱ्यांनी मुलीकडे बघितलं. तिने जावं असं त्यांना अजिबात वाटत नव्हतं. घर खायला उठणार होतं. पण तिच्याशेजारी तो मुलगा तिची पर्स आणि फुलं सांभाळत उभा होता, आणि या मुलाला तुलनेची गरज नाही हे त्यांना कधीचंच कळलेलं होतं.

"पेन द्या," ते बाईंना म्हणाले.

त्यांनी सही केली. वर कुणाची नव्हती, खालीही कुणाची नव्हती. यंत्रवाल्याने कळ दाबली. पडदे उजळले, बाकड्यांवरून सुटकेचा आवाज उठला. पहिला नंबर एका तान्ह्या बाळाच्या जन्मदाखल्याचा लागला. कचेरी बंद व्हायच्या सुमारास मुलीचा दाखला निघाला, आणि मुलगी बापाच्या गळ्यात पडून भर कचेरीत रडली. तेही रडले.

तेवढ्यात मोठ्या साहेबांचा फोन आला.

"नोंदणीची यंत्रणा दाखल्यांशिवाय सुरू झाली म्हणे! कुणाच्या सांगण्यावरून?"

"साहेब, त्याचं असं झालं की चारही कंपन्यांनी, आणि नोंदणीच्या बाईंनी..." तीनदरे सवयीने सुरू झाले आणि मध्येच थांबले. मुलगी दारात उभी होती, दाखला छातीशी धरून.

"माझ्या," ते म्हणाले.

"आणखी कोण होतं?"

"कुणी नाही, साहेब. मी एकटाच."