समोरच्यांचे दाट केस

डोंबिवलीत आमच्या समोर राहणारे गृहस्थ एका औषध कंपनीत टक्कल थांबवणारी वनस्पतींमधली द्रव्यं कॉम्प्युटरवर शोधायचे. स्वतःचे केस मात्र दाट. बोलताना कपाळावरची बट सारखी मागे सारायचे, आणि माझा हात आपोआप माझ्या टकलावर जायचा. बायको माझ्यासाठी घरी माक्याचं तेल उकळायची.

एका रविवारी ते दारातूनच म्हणाले, "वहिनी, तुमच्या माक्यातलं एक द्रव्य आमच्या कॉम्प्युटरनेही निवडलं बरं का."

बायको लग्नातही खुलली नव्हती एवढी खुलली. इतकी वर्षं मी ते तेल निमूट चोळून घेतलं, पण चांगलं कधी म्हटलं नव्हतं.

संध्याकाळी मी आपणहून डोकं पुढे केलं. "लाव गं तेल. छान असतं तुझं."

"अहो, बाटली त्यांना दिली तपासायला," ती म्हणाली. "तुमच्या डोक्यावर किती दिवस वाया घालवायचं?"